ताम्रपटातला भात कुणी पिकवला?

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावी १९५५ साली शेतजमीन खणताना तांब्याचे नऊ पत्रे हाती लागले. नामवंत लिपितज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांवर पाच दानपत्रं कोरलेली होती. सगळ्यांत जुनं शके ८४८ चं, म्हणजे इसवी सन ९२६ चं. सगळ्यांत अलीकडचं शके ९७५ चं. मधल्या सव्वाशे वर्षांत राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले, मोढ घराण्याच्या स्थानिक सामंतांनी कारभार पाहिला. पत्रे मात्र जपून ठेवले गेले, कारण त्यांवर कुणाचा तरी हक्क लिहिलेला होता.

पहिल्या दानपत्रातली हकिकत आजही वाचणाऱ्याला थक्क करते. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संयान मंडल, म्हणजे आजच्या संजाणभोवतालचा मुलूख, एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती असं येतं. मुहम्मद या नावाचं ते संस्कृत रूप. सुगतिप हे त्याचं दुसरं नाव, बापाचं नाव सहियारहार, कूळ ताजिक. या माणसाने आसपासची बंदरं राजाच्या ताब्यात आणली, दोन नद्यांवर नावेचा फुकट उतार सुरू केला आणि संयानात एक अन्नछत्र घातलं. तिथे येणाऱ्याला साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. पुढे तिसऱ्या इंद्राच्या काळात अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने देवीची मठिका बांधली. मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणांच्या परिषदेतल्या नऊ जणांचं जेवण यांसाठी मधुमतीने राजाच्या संमतीने कणाडुक नावाचं एक गाव आणि देवीहर गावातली काही जमीन लावून दिली.

राजा, सुभेदार, मंत्री, मठ बांधणारा, जेवणारे असे सगळे या लेखात नावानिशी हजर आहेत. अन्नछत्रातला भात ज्यांनी चिखलात उभं राहून लावला, कापला, झोडला आणि कांडला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही. कणाडुक गावात किती घरं होती, घरं कशाची होती, तिथली माणसं स्वतः काय खात होती, यावर ताम्रपट एक अक्षर बोलत नाही. बोलण्याचं त्याला कारणही नव्हतं. गाव दान दिलं म्हणजे गावाचं उत्पन्न दिलं. उत्पन्न काढणारी माणसं त्यात गृहीतच होती.

या गृहीत धरलेल्या माणसांचा शोध घेणं हा आज पुरातत्त्वातला मोठा विषय आहे. साधारण सहाव्या ते तेराव्या शतकापर्यंतच्या खेड्यांना अभ्यासक पूर्वमध्ययुगीन म्हणतात. या खेड्यांविषयी लिखाण पुष्कळ झालं आहे, पण ते बहुतेक ताम्रपट आणि शिलालेख वाचून. जमिनीत उतरून खेडं पाहणारे थोडे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, सरावलीपासून झरी-उपलाटपर्यंत, ही उणीव विशेष जाणवते, कारण इथे लेखांची श्रीमंती आहे आणि त्या लेखांतली खेडी मात्र अजून मातीखाली आहेत.

लेखांची श्रीमंती किती, ते आधी पाहू. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. ज्या नद्यांवर त्याने धर्मार्थ नावा ठेवल्या त्यांत पारदा, दमण आणि तापीबरोबर डाहणुका हे नाव येतं. त्याच लेखात नानंगोल गावातली नारळाची ३२ हजार झाडं दान दिल्याची नोंद आहे; नानंगोल म्हणजे संजाणजवळचं नारगोल. पुढे आठशे वर्षांनी अरब सुभेदारानेही याच किनाऱ्यावर फुकट उतारच सुरू केला. खाड्या आणि भरती-ओहोटीच्या या मुलखात पलीकडच्या काठाला सुखरूप पोचवण्यापेक्षा मोठं पुण्य नव्हतं. राजवट बदलली तरी ती गरज तीच राहिली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दस्तऐवज मात्र तिसराच आहे. संजाणला सापडलेला राष्ट्रकूट अमोघवर्षाचा ताम्रपट, शके ७९३, म्हणजे इसवी सन ८७१. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तो संपादित केला. इतिहासाच्या पुस्तकांत तो एका गोष्टीसाठी गाजला: प्रजेवरचं संकट टळावं म्हणून अमोघवर्षाने आपलं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, ही हकिकत त्यात आहे. डहाणूकरांच्या मनात लगेच विवळवेढ्याची महालक्ष्मी येईल. ताम्रपटात गावाचं नाव नाही. अभ्यासक सहसा कोल्हापूरची देवी मानतात.

पण बोटाच्या गोष्टीपुढे वाचत गेलं की खरा ऐवज लागतो. आजच्या कर्नाटकातल्या मान्यखेट राजधानीतून राजा मूळच्या कऱ्हाडच्या चार ब्राह्मणांना एक गाव देतो. संजाणला लागून असलेल्या चोवीस गावांपैकी हे गाव, नाव झरिवल्लिका. मग चतुःसीमा येते. पूर्वेला समुद्राकडे जाणारी कल्लुवी नदी, दक्षिणेला उप्पलहत्थक, पश्चिमेला नंदग्राम, उत्तरेला धन्नवल्लिका. तलासरी आणि उंबरगाव तालुक्यांच्या नकाशावर नजर टाकणाऱ्याला झरोळी, उपलाट, धानोली ही नावं शेजारीशेजारी दिसतात आणि साडेअकराशे वर्षांपूर्वीची चतुःसीमा कागदावर उभी राहू लागते.

चतुःसीमेबरोबरच दानाच्या अटी येतात. गाव दिलं ते करांसह, दंडासह, धान्य आणि रोख येण्यासह, आणि ‘विष्टी’सह. विष्टी म्हणजे वेठ. गावकऱ्यांकडून वेळोवेळी फुकट काम करून घेण्याचा हक्क राजाने चार ब्राह्मणांच्या नावे करून दिला. ही शब्दावली राष्ट्रकूटांच्या बहुतेक दानपत्रांत ठरलेली असते. वकिली दस्तातल्या ठरीव मजकुरासारखी ती पत्र्यामागून पत्र्यावर उतरते. त्यामुळे झरिवल्लिकेत प्रत्यक्ष किती वेठ घेतली गेली, हे त्यावरून काढता येत नाही. घेता येत होती आणि तिला राजमान्यता होती, एवढं पक्कं.

आता प्रश्न असा की ही गावं जमिनीत शोधायची कशी? देशावर हे काम त्या मानाने सोपं आहे. तिथे गावाची विभागणी पांढर आणि काळी अशी. पांढर म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडतात, त्याच जागी नवी उभी राहतात, राख आणि शेणकूर मिसळून माती पांढुरकी होते आणि हळूहळू टेकाड तयार होतं. पुरातत्त्वाचा विद्यार्थी लांबूनच पांढरीचं टेकाड ओळखतो. कोकणात, त्यातही डहाणू-तलासरीच्या आदिवासी पट्ट्यात, टेकाड होतच नाही. गाव एका जागी गोळा झालेलं नसतं. ते पाड्यापाड्यांत विखुरलेलं. घर मातीच्या जाड भिंतींचं नाही, कुडाचं. आणि वर्षातले चार महिने पाऊस सगळं धुऊन नेतो.

कुडाचं घर नीट पाहिलं म्हणजे अडचण कळते आणि वाटही दिसते. सागाचे किंवा ऐनाचे खांब जमिनीत रोवलेले. त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणामातीने लिंपलेला. वर गवताचं छप्पर. आत चोपून घट्ट केलेली, वरचेवर सारवलेली जमीन, तीन दगडांची चूल, जमिनीत पुरलेलं उखळ, एका बाजूला शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणग्या. घर सोडून माणसं गेली की गवत आणि कारवी वाळवीच्या पोटात जाते, लिंपण पहिल्याच पावसात विरघळतं, चांगला खांब कुणीतरी उपटून नव्या घराला नेतो. दहा वर्षांत तिथे घर होतं हे सांगूनही खरं वाटत नाही.

तरी घर पुरतं नाहीसं झालेलं नसतं. खांबाच्या खड्ड्यात वरची सैल माती उतरते आणि मूळ मातीत काळपट गोल डाग राहतो. असे डाग ओळीने सापडले की घराचा आराखडा उमटतो: खोल्या किती, दार कुठे, गुरं घरात बांधत की बाहेर. सारवणाचे पातळ थर सूक्ष्मदर्शकाखाली पुस्तकाच्या पानांसारखे मोजता येतात. चुलीखालची माती भाजून तांबडी होते ती तशीच राहते. आणि एखादं घर आगीत जळलं असेल तर पुरातत्त्वज्ञांचं भाग्यच, कारण लिंपण विटेसारखं भाजलं जातं आणि त्यावर कारवीच्या काठ्यांचे ठसे हजार वर्षं टिकतात. तळहाताएवढ्या अशा ढेकळावरून काठीची जाडी, दोन काठ्यांमधलं अंतर, लिंपणात भाताचा तूस मिसळला होता का, हे सगळं वाचता येतं. कुटुंबाच्या वाईट रात्रीतून त्याचा एकुलता एक दस्तऐवज मागे उरतो.

त्याहून बारीक साक्ष धान्याची. उकरलेली माती पाण्यात कालवली की जळके दाणे आणि कोळसा वर तरंगतो. तो गाळून, वाळवून तपासला की भात, नाचणी, वरई यांचे दाणे वेगळे ओळखता येतात. दाणे कुजले असले तरी पिकांच्या पेशींत साठलेले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मातीत राहतात. भाताच्या तुसाचे कण वेगळे, पानाचे वेगळे. त्यावरून खाचरात पिकलेला भात कुठे आणून झोडला, कुठे कांडला, हेही समजतं. डहाणूच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ताम्रपट साळीच्या भाताचं आणि तुपाचं बोलतो. डोंगरउतारावर नाचणी-वरई करणारा माणूस आपण पिकवलेला भात स्वतः खात होता की तो सगळा खाली संयानला जात होता? याचं उत्तर कुठल्याही ताम्रपटात मिळणार नाही. घराच्या चुलीत मिळेल.

या परिसरात कुदळ पडली ती मुख्यतः बंदरावर. २००२ ते २००४ या काळात संजाणला उत्खनन झालं. वर्ल्ड झरतुष्टी कल्चरल फाउंडेशन आणि इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी यांनी ते हाती घेतलं, डॉ. स्वराजप्रकाश गुप्ता संचालक होते आणि कुरुश दलाल, रुक्शाना नानजी, अभिजित दांडेकर यांच्यासारखे अभ्यासक चमूत होते. इराणहून आलेले पारशी प्रथम संजाणला स्थिरावले अशी परंपरा असल्याने त्या दाव्याची तपासणी हा उत्खननामागचा एक हेतू होता. वारोळी नदीकाठच्या या जागी आठव्या ते तेराव्या शतकापर्यंतची भरभराटीची वस्ती उघडी झाली. विटांची बांधकामं, पारशांचा जुना दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याची जागा, काच, इराण-इराककडची निळ्या-हिरव्या झिलईची भांडी, चिनी भांड्यांचे तुकडे. चिंचणीच्या १०३४ सालच्या दानपत्रात शहरातल्या प्रमुख मंडळींत हंजमन, म्हणजे पारशांची अंजुमन, आणि अल्लीय, मधुमत अशी मुसलमान नावं येतात. मातीतून निघालं ते त्याला साजेसंच होतं.

बातम्यांत चिनी आणि इराणी खापरं आली, ते स्वाभाविक आहे. पण उत्खननात निघालेल्या खापरांचा मोठा ढीग स्थानिक होता: साधी तांबडी आणि काळी मडकी, हंड्या, परळ. रुक्शाना नानजी यांनी संजाणच्या खापरांचा सविस्तर अभ्यास करून २०११ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. खेड्यांच्या शोधात या अभ्यासाचं मोल परदेशी भांड्यांमुळे वाढतं, कारण परदेशी भांड्यांचा काळ बाहेरच्या पुराव्यांवरून ठरलेला असतो. त्यांच्याबरोबर त्याच थरात सापडलेल्या साध्या मडक्याचा काळही मग ठरतो. असं मडकं उद्या तलासरीच्या एखाद्या शेतात सापडलं, तर ते कोणत्या शतकातलं हे सांगायला काहीतरी आधार आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो नव्हता.

बंदर आणि खेडं यांचं नातं चिंचणीच्या बाकीच्या दानपत्रांतही डोकावतं. मधुमतीच्या काळातली ती मठिका पुढे कौतुक-मठिका म्हणून येते. तिच्या शेजारी भिल्लमालदेवाचं मंदिर होतं. राजस्थानातल्या भिनमाळकडून आलेल्या व्यापाऱ्यांचं. मठिका आणि मंदिर यांचा जागेवरून तंटा झाला, आणि तिसऱ्या कृष्णाच्या काळात तो मिटवताना मठिकेने मंदिराला दरसाल ४० द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, द्यावेत असं ठरलं. १०३४ साली चामुंडराज या सामंताने मठिकेला एक तेलाचा घाणा दान दिला. देवीपुढचा दिवा तेवता राहावा आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल चोळायला मिळावं, म्हणून. घाणा फिरायचा तर तीळ, खुरासणी असं काहीतरी खेड्यातून यायला हवं, घाण्याला बैल हवा, बैलाला वैरण हवी. विद्वानांच्या पायांना लागलेल्या तेलापर्यंत पोचणारी ही साखळी कुठल्या पाड्यापासून सुरू होत होती?

इथे इतिहासकारांमधला एक जुना वाद आठवावा लागतो. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली भारतीय सामंतशाहीवर आणि १९८७ साली नगरांच्या ऱ्हासावर लिहिलेल्या ग्रंथांनी दोन पिढ्यांची दृष्टी घडवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गुप्तकाळानंतर शहरं ओस पडली, दूरचा व्यापार आटला, नाणं दुर्मिळ झालं, पगाराऐवजी आणि पुण्यासाठी जमिनी दिल्या गेल्या आणि शेतकरी जमीनधारकाच्या मुठीत गेला. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९९० च्या सुमारास वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते हा काळ खेड्यांच्या विस्ताराचा, जंगलात नवी शेती उभी राहण्याचा, ठिकठिकाणी स्थानिक सत्ता तयार होण्याचा होता.

संयानचा पुरावा शर्मांच्या मांडणीत नीट बसत नाही. इथे बंदर गजबजलेलं आहे, द्रम्म फिरतायत, अरब, पारशी आणि राजस्थानी व्यापारी एकाच गावात नांदतायत. पण त्याच मांडणीतला विष्टीचा भाग झरिवल्लिकेच्या ताम्रपटात जशास तसा आहे. भरभराटीचं बंदर आणि वेठीला बांधलेलं खेडं एकमेकांपासून काही कोसांवर असू शकतात. वेठ हे गरीब राज्याचंच लक्षण मानण्याचं कारण नाही. वाद लेखांच्या वाचनावर फार लांबला. तो पुढे न्यायचा तर खेड्यातली घरं, कोठारं आणि हाडं तपासायला हवीत.

महाराष्ट्राला खेडं खणता येत नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. १३० हून अधिक घरं उघडी झाली. पाण्याचा पाट, धान्याचं कोठार, गावप्रमुखाचं पाच खोल्यांचं घर, जवाचे दाणे, अंगणात पुरलेली मुलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याच्या घरात आज आपण डोकावू शकतो. त्याच्यानंतर दोन-अडीच हजार वर्षांनी जगलेल्या, आपल्याला कितीतरी जवळच्या शेतकऱ्याचं घर मात्र आपल्याला ठाऊक नाही. ताम्रपाषाणयुगातल्या माणसाने लिहून काही ठेवलं नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी खणावं लागलं. राष्ट्रकूट-शिलाहारांनी इतकं लिहून ठेवलं की खणायची गरज वाटेना. मंदिरं, लेणी, किल्ले आणि ताम्रपट यांच्या मागे खेडं दिसेनासं झालं, आणि या दुर्लक्षाचं समर्थन करता येत नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या व्हॅरम पर्सी या ओस पडलेल्या गावी १९५० पासून १९९० पर्यंत, चाळीस वर्षं, दर उन्हाळ्यात उत्खनन चाललं. मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासकार आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ यांनी ते चालवलं. कामाला बहुतांशी स्वयंसेवक. सोनं नाही, राजवाडा नाही. साध्या कुळांची घरं, शेताच्या कडा, गावचं तळं आणि स्मशान. त्या एका गावाने मध्ययुगीन शेतकऱ्याविषयीच्या कितीतरी समजुती बदलून टाकल्या. आपल्याकडे विदर्भात जेसन हॉक्स आणि रिझा अब्बास यांनी ताम्रपटांकडे त्यांच्या भोवतालच्या भूभागासह पाहण्याचा प्रयत्न केला आहे; पत्रा कुठे सापडला, त्याच्या अवतीभवती कोणत्या काळच्या वस्त्यांच्या खुणा आहेत, असा हा शोध. मुंबई परिसरात साष्टी बेटाचं सर्वेक्षण अलीकडच्या काळात झालं, आणि शहराच्या पोटात हरवलेल्या जुन्या गावांचे दगड पुन्हा नोंदले गेले.

दगडांची ही साक्ष उत्तर कोकणात चांगली मिळते. शिलाहारांच्या काळापासून इथे गधेगाळ उभे राहिले: वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्रीचं शिवीचं शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप. रायगड जिल्ह्यातल्या आक्षीचा शके ९३४ मधला लेख याच प्रकारचा आहे. ताम्रपट पेटीत राहत असे आणि वाचणारे मोजके. गधेगाळ शिवेवर उभा राहत असे आणि त्याचं चित्र अक्षर न येणाऱ्यालाही कळे. राजसत्तेने कुळांना उद्देशून ठेवलेला कागद शोधायचा तर तो हाच. म्हणून गधेगाळ मूळ जागेवरून हलवून देवळाच्या आवारात नेला की त्याचं निम्मं म्हणणं पुसलं जातं. तो कुठल्या दोन शिवारांच्या मध्ये उभा होता हे पुन्हा कळत नाही.

डहाणू-तलासरीत वेठीचा विषय केवळ ताम्रपटाचा राहत नाही. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या त्या मेळाव्यात वेठ करायची नाही, लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी म्हणून राबायचं नाही, असा निर्धार झाला. त्या उठावाची हकिकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. झरिवल्लिकेच्या विष्टीपासून झरीच्या वेठीपर्यंत एक सरळ रेषा ओढायचा मोह होतो, पण मध्ये हजार वर्षं आहेत. पोर्तुगीज, मराठे, जव्हारचं राज्य, इंग्रजांचा जमीनमहसूल आणि जंगलकायदा आहे. विसाव्या शतकातली वेठ सावकार आणि जमीनदारांनी त्या शेवटच्या काळात घट्ट केली होती. तरीही ज्या मुलखातल्या सगळ्यांत जुन्या जमीनदस्तांपैकी एका दस्तात वेठीचा हक्क कोरलेला आहे, त्याच मुलखात ती नाकारण्याची सभा भरली, हे ठाऊक असलेला माणूस ‘विष्टी’ हा शब्द वाचताना पुढे सटकणार नाही.

या मुलखाची एक अडचण नकाशाने केली आहे. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा संजाण आणि नारगोल गुजरातेत गेले, तलासरी महाराष्ट्रात राहिली. संयानचं बंदर एका राज्यात आणि त्याला भात पुरवणारी काही गावं दुसऱ्या राज्यात. राज्याचं पुरातत्त्व खातं, विद्यापीठ, गॅझेटिअर, सगळं दोन ठिकाणी. नवव्या शतकातल्या चोवीस गावांचा गट आज कुणाच्याच एका टेबलावर येत नाही.

आणि वेळ फार नाही. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्ग हे सगळे याच चिंचोळ्या पट्ट्यातून जातात. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प आहे, आणि बंदराबरोबर रस्ते, गोदामं, भरावासाठी लागणारी माती-मुरूम हे सगळं ओघाने येतं. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला गेला, त्यात झाडं, किनारा, हवा यांचा विचार झाला. जमिनीखालच्या वस्त्यांचा विचार अशा मंजुऱ्यांमध्ये क्वचितच होतो. संरक्षित स्मारकाला कायद्याचं कुंपण असतं. काळपट डागांची ओळ आणि खापरांचा सडा यांना काहीच नसतं. जेसीबीचा एक फावडा खांबांच्या खड्ड्यांचा अख्खा आराखडा उचलून भरावात टाकतो, आणि चालवणाऱ्याला तो दिसण्याची शक्यताही नसते.

तांब्याचा पत्रा निघाला तर काय करायचं याला निदान १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. खापराला किंमत नाही, म्हणून त्याला हा कायदाही लागू नाही. त्याची नोंद गावानेच ठेवावी लागेल, आणि ते अवघड नाही. भातकापणी उरकली की कार्तिक-मार्गशीर्षात खाचरं मोकळी होतात. राबासाठी पसरलेल्या शेणकुराबरोबर घरातली फुटकी मडकीही पिढ्यान् पिढ्या शेतात गेलेली असतात, म्हणून नांगरटीत वर आलेली खापरं जिथे दाट तिथे जवळपास कधीतरी घर होतं, असा पहिला अंदाज बांधता येतो. खापर उचलून घरी न्यायचं नाही. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, गट क्रमांक लिहायचा, मोबाईलवरून जागा नोंदवायची आणि ते होतं तिथेच ठेवायचं. सरावलीच्या, चिंचणीच्या, तलासरीच्या शाळा आणि महाविद्यालयं एका हंगामात शेकडो शेतांची अशी नोंद करू शकतील.

पुढचं काम जाणकारांचं. संजाणच्या खापरांचं वर्गीकरण छापलेलं आहे, त्याच्याशी ही छायाचित्रं ताडायची आणि जिथे नवव्या-दहाव्या शतकाचा संशय येईल तिथे पाच बाय पाच मीटरचा एक चाचणीखड्डा घ्यायचा. सुरुवात कुठून, हा प्रश्नही फारसा उरत नाही. पूर्वेला समुद्राकडे जाणारी नदी, दक्षिणेला उपलाट, पश्चिमेला नंदग्राम, उत्तरेला धानोली: महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवरच्या या एका शिवाराच्या चारही बाजू ८७१ सालीच लिहून ठेवलेल्या आहेत.